कीर्तनं डिस्कवर होती, पण जेलीफिनला सापडंनात

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरी जो जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालू होता तो विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हता, म्हणून एक मिनी पीसी घेतला, त्यावर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं आणि जेलीफिन, म्हणजे घरच्या फाइली टीव्हीवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, डॉकरमध्ये चढवलं. डॉकर म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर. मिनी पीसीच घ्यायचं दुसरं कारण लाइट. गावाकडं, म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्यात, कोणती वस्तू इन्व्हर्टरवर किती वेळ निघते हे बघूनच घ्यावी लागते आणि जुना डेस्कटॉप इन्व्हर्टर लगेच बसवायचा. डेटा नव्या डिस्कवर कॉपी केला, लायब्ररी जोडली, टीव्हीवर ॲप उघडलं आणि आत काहीच नाही. लायब्ररीची नावं दिसायलीत, आत गेलं की रिकामं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच विचारलं, "जनाबाईचे अभंग कुठं गेले रे? परवापर्यंत तर वाजायलते."

"डिस्कवर आहेत अण्णा, सगळे आहेत. टीव्हीला सापडंना झालेत."

"मग डिस्कवर असून काय उपयोग?"

बरोबरच होतं त्यांचं. हा साठा काय आहे ते आधी सांगतो म्हणजे एवढा जीव का टाकला ते कळेल. अण्णा गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर होते. त्यांच्या काळच्या कॅसेटी, नंतर चुलत भावानं हँडीकॅमवर घेतलेले सप्ताह, मग फोन आले तेव्हापासून जो तो रेकॉर्ड करायला लागला. काकडा, हरिपाठ, भारुडं, काल्याचं कीर्तन, सगळं. आमच्या मराठवाड्यात गंगाखेडला जनाबाई, नरसीला नामदेव, पैठणला नाथ, तेरला गोरोबाकाका, त्यामुळे अण्णांनी अभंगांचे कप्पे संतांच्या नावानं लावलेले, कॅसेटच्या कपाटात होते तसेच डिस्कवर. ह्यातलं एकही रेकॉर्डिंग दुसरीकडं कुठं मिळणारं नाही, गाणारे निम्मे लोक आता नाहीत.

आणि इतक्या हातांनी साठा झाला म्हटल्यावर नावंही तशीच. कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून देणाऱ्यानं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलेलं. हँडीकॅमच्या फाइली पूर्ण कॅपिटलमध्ये, एक्सटेंशनसकट, कारण कॅमेऱ्यांमध्ये अजूनही डॉसच्या जमान्याची पद्धत चालते, आठ अक्षरी नाव आणि तीन अक्षरी एक्सटेंशन, सगळं मोठ्या लिपीत. फोनवरून आलेलं बहुतेक स्मॉल. भाच्यानं केलेली फोल्डरं मराठीत, देवनागरीतच. विंडोजवर हे सगळं वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं चाललं.

ते का चाललं हे समजून घेणं फार गरजेचं आहे. विंडोजमध्ये तुम्ही नाव जसं टाइप कराल तसं जपून ठेवलं जातं, कॅपिटल तर कॅपिटल, पण शोधताना ते कॅपिटल-स्मॉल बघत नाही. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये सगळं स्मॉलमध्ये लिहिलं असलं आणि डिस्कवर फोल्डर कॅपिटल के नं सुरू होत असलं तरी विंडोज तेच फोल्डर उघडून देतं आणि आपल्याला कधी पत्ताच लागत नाही की दोन ठिकाणी दोन नावं आहेत. लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट. कॅपिटल के चा बाइट वेगळा, स्मॉल के चा वेगळा, मग ती दोन वेगळी फोल्डरं, संपला विषय. त्यामुळे लिनक्सवर गेल्यावर जे मोडल्यासारखं दिसतं ते खरं तर आधीपासून विस्कटलेलंच असतं, आता ते दिसायला लागतं एवढंच. मला ह्या सगळ्या प्रकारात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हे एकदा पटलं की सॉफ्टवेअरमध्ये खटपट करत बसायचं सोडून माणूस नावांकडं बघायला लागतो.

आता पहिला अडथळा, आणि ह्यावर जरा जास्त बोलतो कारण तो फसवा आहे. एका मित्रानं त्याच्याकडची चालू असलेली कंपोज फाइल, म्हणजे कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल, पाठवली होती. त्याच्याकडं मीडियाचं फोल्डर कॅपिटल एम नं, माझ्याकडं स्मॉल एम नं. आता कुणालाही वाटेल की चुकीचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिला तर डॉकर एरर देईल. तो देत नाही. व्हॉल्यूमची, म्हणजे कुठलं फोल्डर कंटेनरला जोडायचं ते सांगणारी, छोटी ओळ असते ना, डाव्या बाजूला होस्टचा, म्हणजे खऱ्या मशीनवरचा, पाथ, मधे कोलन, उजव्या बाजूला कंटेनरमधला पाथ, त्यात डाव्या बाजूचा पाथ नसला तर डॉकर गुपचूप त्या नावाचं रिकामं फोल्डर तयार करतो आणि तेच कंटेनरला जोडून देतो. कंटेनर हिरवा, वेब पेज ८०९६ पोर्टवर छान उघडतंय, कुठं काही लाल नाही.

जेलीफिनच्या लॉगमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं, लायब्ररीचं फोल्डर इनॲक्सेसिबल ऑर एम्प्टी, स्किपिंग. आधी वाटलं परमिशनचा घोळ असेल, कारण लिनक्सवर काही दिसलं नाही की पहिलं बोट परमिशनकडंच जातं. मग कंटेनरच्या आत शिरून फोल्डर बघितलं, खरंच रिकामं. मग बाहेर होस्टवर त्याच जागी एलएस ला एल लावून लांब यादी काढली आणि तिथं एकाखाली एक दोन ओळी, दोन्हीचं नाव मीडिया, एक कॅपिटल एक स्मॉल. एकाचा मालक मी, दुसऱ्याचा मालक रूट, म्हणजे लिनक्सचा मुख्य युजर, ज्याच्या नावानं डॉकर चालतो. आणि रूटवाल्याची जी वेळ होती ती बरोबर कंटेनर पहिल्यांदा चालू केला ती. एवढं दिसल्यावर आणखी काही शोधायचं राहिलंच नाही.

ते रिकामं फोल्डर काढताना आरएमडीआयआर हीच कमांड वापरा, आत काही असेल तर ती नकार देते, म्हणजे भलतं फोल्डर उडायची भीती नाही. आणि कंपोजमध्ये व्हॉल्यूमची छोटी ओळ काढून लांब पद्धतीनं लिहिलं, टाइप बाइंड, सोर्स, टार्गेट आणि त्याखाली क्रिएट होस्ट पाथ ला फॉल्स. आता पाथमध्ये एक अक्षर जरी इकडंतिकडं झालं तर कंटेनर चालूच होत नाही, तोंडावर सांगतो की असा पाथ नाही. घरचा साठा ज्यात आहे त्या प्रत्येक कंटेनरला हे करून टाकावं असं माझं ठाम मत आहे. जेलीफिनचं एक बरं की लायब्ररीचं मुख्य फोल्डर रिकामं दिसलं तर ते स्कॅन सोडून देतं, आतल्या नोंदी पुसत नाही. पण मुख्य फोल्डर भरलेलं आणि आतलं एखादंच गायब, तर त्या आतल्याच्या नोंदी मात्र जातात, हे लक्षात ठेवा.

कंटेनरला जोडलेला पाथ सुधारल्यावर अभंग आले, भारुडं आली, अण्णा खूश. पण कीर्तनं अर्धीच. का, तर मधल्या काळात भाच्यानं फोनवरची नवीन रेकॉर्डिंगं थेट लिनक्सवर पाठवली होती आणि त्यानं स्मॉल के नं कीर्तन असं नाव दिलेलं. जुन्या डिस्कवरून आलेलं फोल्डर कॅपिटल के चं. विंडोजवर ती एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसली असती, इथं शेजारी शेजारी दोन फोल्डरं झाली, एकात जुनं एकात नवं, आणि लायब्ररीला एकच जोडलेलं.

भाच्याचा फोन आला, "मामा, जुनी डिस्क खराब झालीय का? तुम्ही परत एनटीएफएसवरच ठेवा ना सगळं, तीच डिस्क लावा, मग कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच येणार नाही."

हा समज बऱ्याच जणांचा असतो म्हणून सांगतो. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली, डिस्क लिनक्सला लावली म्हणजे विंडोजसारखं वागणं मिळतं असं नाही. कॅपिटल-स्मॉल बघायचं की नाही हे डिस्कपेक्षा ती वाचणाऱ्या ड्रायव्हरवर ठरतं. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर लिनक्सवर कॅपिटल-स्मॉलचा फरक धरतोच, फरक न धरणारा त्याचा वेगळा प्रकार आहे, लोएनटीएफएस-३जी, त्याला इग्नोअर केस असा पर्याय द्यावा लागतो. आणि साध्या ड्रायव्हरवर तुम्ही त्या डिस्कवर दोन्ही नावांची फोल्डरं करून ठेवली आणि मग डिस्क विंडोजला नेली तर तिथं आणखी गोंधळ, दोन दिसतात पण दोन्ही धड उघडत नाहीत. उलट विंडोजमध्येही एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून एफएसयूटिल कमांडनं एखादं फोल्डर कॅपिटल-स्मॉल बघणारं करता येतं. म्हणजे विंडोज असं आणि लिनक्स तसं एवढ्यावर भागत नाही, कुठल्या डिस्कवर कुठला ड्रायव्हर आणि कुठलं सेटिंग हे बघावंच लागतं.

दुसरा सल्ला सिमलिंकचा आला. स्मॉल नावाची लिंक करायची जी कॅपिटल फोल्डरकडं बोट दाखवते. एका फोल्डरपुरतं चालेलही, पण लिंक आणि खरं फोल्डर दोन्ही लायब्ररीच्या आत पडले की जेलीफिन दोन्ही स्कॅन करतं आणि प्रत्येक कीर्तन दोनदा दिसतं. आणि आत पाच पातळ्या फोल्डरं असतील तर लिंका कुठं कुठं करणार.

तिसरा पर्याय होता ईएक्सटी४ चा, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचा, केसफोल्ड, हा लिनक्स कर्नल ५.२ मध्ये, २०१९ ला आला. फाइल सिस्टिमला ते फीचर चालू करायचं आणि मग रिकाम्या फोल्डरवर कॅपिटल एफ चा झेंडा लावायचा, त्या फोल्डरच्या आत कॅपिटल-स्मॉल बघितलं जात नाही. स्टीम डेक ह्या हातातल्या गेमिंग मशीनवर गेमसाठी हेच वापरतात, तिथं ते योग्यच आहे, कारण विंडोजसाठी लिहिलेल्या गेमची आतली नावं आपल्या हातात नसतात. इथं नावं आपल्या हातात आहेत. लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स असल्या सोयीच्या उघड विरोधात आहे, आणि मलाही ते पटतं, कारण कुठलं अक्षर कुठल्या अक्षराच्या बरोबरीचं हे ठरवायला मोठा तक्ता लागतो, तुर्की भाषेत आय ला टिंब असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार आहेत, त्यांची कॅपिटलं वेगळी, तिथं इंग्रजीचा नियम लावला की चुकलं. फाइल सिस्टिमनं असल्या भानगडीत न पडलेलं बरं. शिवाय उद्या हा साठा दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या मशीनवर गेला की तिथं केसफोल्ड असेलच असं नाही, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून ठरवलं की नावंच दुरुस्त करायची. सगळी रोमन नावं स्मॉलमध्ये, स्पेसच्या जागी हायफन, सालाचा आकडा आधी. एकदाच त्रास, पण कुठंही नेलं तरी चालणार.

सगळ्यात आधी जेलीफिन बंद केलं आणि कॉन्फिगचं फोल्डर पूर्ण बाजूला कॉपी करून ठेवलं. जुनी डिस्क तर हातच लावायचा नाही म्हणून कपाटात. मग टक्कर कुठं कुठं होणार आहे ती यादी काढली, कारण आंधळेपणानं सगळं स्मॉल केलं आणि दोन फाइलींचं नाव एकच झालं तर एक फाइल दुसरीवर चढून कायमची जाऊ शकते. यादी काढणं सोपं आहे, फाइंडनं सगळे पाथ काढायचे, टीआर नं कॅपिटल ए ते झेड ला स्मॉल करायचं, सॉर्ट, आणि युनिकनं फक्त दुबार ओळी दाखवायच्या. टीआर एकेक बाइट बघतं पण देवनागरीचे बाइट त्या पट्ट्यात येतच नाहीत, त्यामुळे मराठी नावांना धक्का लागत नाही.

यादीत बऱ्याच ओळी खऱ्या दुबार निघाल्या, म्हणजे तीच फाइल दोनदा, शा-२५६ चा चेकसम, म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढला की जुळायचा, त्यातली एक बिनधास्त बाजूला. पण एक जोडी अशी की नाव तेच, पार्ट वन, एक पूर्ण कॅपिटल एक स्मॉल, आणि साइज वेगळी. नावावरून काहीच कळेना, तारीख कॉपी केल्याची. शेवटी दोन्ही अण्णांना लावून दाखवल्या. पहिली दोन मिनिटं ऐकली, दुसरी लावली, मृदंगाचा ठेका सुरू झाल्या झाल्या म्हणाले, "ही आपल्या गावची. आधीची औशाची, तिथं वाजवणारा दुसरा होता." मग नावात गाव टाकलं आणि दोन्ही ठेवल्या. असल्या ठिकाणी कुठलीही स्क्रिप्ट कामाची नाही, ज्याला माहीत आहे त्यालाच विचारावं लागतं, आणि असे लोक आहेत तोवरच विचारून घ्यावं.

नाव बदलायला कॉन्व्हएमव्ही वापरलं. त्याचं आवडलेलं म्हणजे नुसतं चालवलं तर ते काय बदलेल ते फक्त दाखवतं, खरं काम नोटेस्ट असं सांगितल्यावरच करतं, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर चढत नाही. लोअरचा पर्याय आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं सांगितलं, यादी वाचली, मग चालवलं. ईएक्सटी४ वर कॅपिटलचं स्मॉल करायला काही अडचण नाही. पेनड्राइव्हवर, म्हणजे फॅट किंवा एक्सफॅटवर, तेच करायला गेलं की एमव्ही, म्हणजे फाइल हलवायची किंवा नाव बदलायची कमांड, कधी कधी म्हणते दोन्ही एकच फाइल आहेत, तिथं आधी भलतंच नाव द्यायचं आणि मग पाहिजे ते, असं दोन टप्प्यात करावं लागतं. दोन फोल्डरं एकत्र करताना एमव्ही ला एन लावला, म्हणजे असलेल्यावर लिहू नको.

प्लेलिस्टींचं काम वेगळं. अण्णांच्या रोजच्या पहाटेच्या काकड्याची एम३यू प्लेलिस्ट विंडोजवर केलेली, त्यात पाथ डी ड्राइव्हपासून पूर्ण, उलट्या स्लॅशचे, आणि कॅपिटल-स्मॉल मनाला येईल तसं. लिनक्सला उलटा स्लॅश म्हणजे नावातलंच एक साधं अक्षर, फोल्डर बदलल्याची खूण नाही. तिन्ही गोष्टी सुधारल्या, पाथ त्या प्लेलिस्टच्या जागेपासून मोजलेले, सरळ स्लॅश, सगळं स्मॉल, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये. पूर्ण पाथ ठेवूच नका, पुढच्या वेळी डिस्कची जागा बदलली की सगळं परत करावं लागतं.

मधेच एक गोष्ट फार चकवून गेली. डेटाबेसमध्ये जुने पाथ राहिलेत का हे बघायला मी जेलीफिनच्या डेटाबेसच्या कॉपी केलेल्या एसक्यूलाइट फाइलवर लाइक हा शोधाचा शब्द वापरून शोधत होतो आणि ते कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही देत होतं, त्यामुळे वाटायचं सगळं जुळतंय. एसक्यूलाइटमध्ये लाइक इंग्रजी अक्षरांचं कॅपिटल-स्मॉल बघत नाही, बरोबरचं चिन्ह मात्र बघतं. बरोबरचं चिन्ह टाकून शोधलं तेव्हा खरं चित्र कळालं. शोधायचं तर कॉपीवरच, चालू सर्व्हरच्या डेटाबेसला हात लावू नका.

आता देवनागरी. मला वाटलं होतं मराठी नावांना हा त्रास नाहीच, आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नसतंच. आणि ते बरोबरही आहे. पण तरी वारकऱ्यांचे अभंग ह्या नावाची दोन फोल्डरं एकाच जागी होती, आणि दोन्हीच्या नावात डोळ्याला काडीचाही फरक नाही. मात्रा त्याच, स्पेस तेवढीच. मी दोन्ही नावं हेक्सडंपमध्ये, म्हणजे अक्षरांमागचे बाइट दाखवणाऱ्या कमांडीत, टाकली आणि एकेक अक्षर लावत गेलो. वारक पर्यंत सगळं सारखं. तिथून पुढं एकात ऱ हे एकच अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१, मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, ०९३०, मग हलंत, मग एक न दिसणारा जोडक, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, मग य. पडद्यावर दोन्ही ऱ्या सारखेच उमटतात. नंतर शोधल्यावर तिसराही प्रकार एका फाइलीत निघाला, साधा र, त्याच्यामागं नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, मग हलंत. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर हे ठरतं. शेतकऱ्या, दुसऱ्या, वाऱ्या, जिथं जिथं हा ऱ येतो तिथं हे होऊ शकतं, आणि आपल्या भाषेत तो पावलोपावली आहे.

हे विंडोजवरही वेगळंच धरलं जायचं, म्हणजे ती दोन फोल्डरं तिथंही दोनच होती, लिनक्समुळं झालं असं नाही. नावं तपासायला बसलो म्हणून सापडलं. नुक्तावाला प्रकार कॉन्व्हएमव्हीच्या एनएफसी, म्हणजे अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणणाऱ्या, पर्यायानं आपोआप ०९३१ होतो. जोडकवाला होत नाही, कारण युनिकोडच्या नियमाप्रमाणं ते दोन वेगळे मजकूर आहेत, तो वेगळी स्क्रिप्ट लिहून र-हलंत-जोडक च्या जागी ऱ-हलंत टाकून बदलला.

देवनागरीचा आणखी एक अडथळा लांबीचा. डिस्कवरून कॉपी करतानाच आरसिंक हे कॉपीचं टूल काही फाइलींवर फाइल नेम टू लाँग म्हणून थांबत होतं. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. एनटीएफएसला २५५ च, पण ती अक्षरांची, म्हणजे यूटीएफ-१६ च्या एककांची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-हलंत वेगळे मोजले जातात. कीर्तन हा शब्द बघा, क, दीर्घ ईकार, र, हलंत, त, न, सहा चिन्हं, १८ बाइट. रोमनमध्ये सहा बाइटात होतो. म्हणजे मराठी नाव साधारण ८५ चिन्हांच्या पुढं गेलं की संपलं, आणि आमच्याकडच्या नावात सप्ताहाचं साल, गाव, महाराजांचं नाव, अभंगाचं पहिलं चरण असं सगळं कोंबलेलं. विंडोजनं ते खपवून घेतलं होतं.

ह्यावरून एक निर्णय घेतला, डिस्कवरची नावं छोटी, रोमन, स्मॉल. मराठी शीर्षक पूर्ण लांबीचं, शुद्ध, गाणाऱ्याच्या नावासकट, ते टॅगमध्ये आणि व्हिडिओला त्याच्या माहितीच्या एनएफओ फाइलमध्ये. टीव्हीवर जेलीफिन ते शीर्षकच दाखवतं. अण्णांना पडद्यावर मराठीच दिसतं आणि मला टर्मिनलमध्ये टाइप करायला सोपं. मराठी नावं डिस्कवर ठेवायलाच नको असं म्हणणं नाही, ठेवा, पण मग ऱ आणि लांबी दोन्ही सांभाळा.

नवीन काही येताना परत तेच होऊ नये म्हणून सांबाच्या, म्हणजे विंडोजवरून लिनक्सवर फाइली टाकू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, शेअरवर प्रिझर्व्ह केस आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस दोन्हींना नो, आणि डिफॉल्ट केस लोअर केलं. आता कुणी विंडोज लॅपटॉपवरून कसंही नाव देऊन फाइल टाकली तरी डिस्कवर ती स्मॉलमध्येच उतरते. फोनवरून येणारं आधी आवक नावाच्या फोल्डरमध्ये पडतं, ते लायब्ररीच्या बाहेर आहे, तिथं स्क्रिप्ट नाव साफ करते आणि मग आत हलवते.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असेल तर फार त्रास वाचेल. जेलीफिन प्रत्येक गोष्टीचा आतला आयडी तिच्या पाथवरून काढतं, आणि तो काढताना मूळ सेटिंगमध्ये कॅपिटल-स्मॉल धरतं. फोल्डरचं एक अक्षर बदललं की त्याच्यासाठी ती नवीन वस्तू. सिनेमाला टीएमडीबी किंवा आयएमडीबी ह्या सिनेमांच्या ऑनलाइन यादीतला नंबर असतो त्यामुळे पाहिलेलं-न पाहिलेलं त्या नंबरावर टिकून राहतं. घरच्या व्हिडिओला असला कुठलाच नंबर नाही, तिथं सगळं पाथवरच, नाव बदललं की कुठपर्यंत बघितलं होतं ते गेलं. म्हणून नावं पूर्ण नीट करा आणि मगच पहिल्यांदा स्कॅन करा, मधेच घरच्यांना बघायला देऊ नका. आमच्याकडं अण्णांनी त्या दरम्यान बरीच कीर्तनं अर्धी ऐकून ठेवलेली, त्यांच्या खुणा परत येणार नाहीत. आता ते सांगतात तसं एकेक लावून त्या वेळेवर नेऊन ठेवायचं काम चालू आहे, नाथांची भारुडं झाली, हरिपाठ झाला, सप्ताहाचे व्हिडिओ राहिलेत.